कंपाला आधार हवा

गाण्यातल्या हरकती-मुरक्यांना आपण सर्रास दागिने म्हणतो. सूर हे मूळ अंग आणि त्यावरची थरथर, हेलकावा, वळसा ही वरून चढवलेली हौस, अशी आपली समजूत असते. पाखराच्या आवाजातली लकेर आपल्याला रानाची मौज वाटते, आणि कविता गाऊन म्हणणाऱ्याने ओळीच्या शेवटी आवाज लांबवून हलवला की तो त्याचा शौक ठरतो. तिन्ही ठिकाणी कंप हा जादाचा, काढून टाकला तरी चालेल असा मानला जातो. मला ही समजूत उलटी वाटते. आवाज हलतो म्हणूनच तो कानाला जिवंत लागतो. कंप काढून घेतला तर खाली शुद्ध सूर उरत नाही, नुसता भोंगा उरतो. या म्हणण्याला दुसरी बाजू आहे आणि तीही तितकीच महत्त्वाची आहे. हलणाऱ्या आवाजाखाली ठाम असं काहीतरी असावं लागतं. तो आधार सुटला की थरथरीचा घोळ होतो. हे पडताळून पाहायला सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांइतका सोयीचा मुलूख क्वचित सापडेल. कोयना-चांदोलीच्या रानात पावसाळाभर शीळ घालणारा कस्तूर आहे, मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारे कारागीर आहेत, आणि मधल्या गावागावांत ओवी, लावणी, नाट्यपद आणि गाऊन म्हटलेली कविता यांचा दाट वारसा आहे.

शीळकरी कस्तूर हा ओढ्याकाठच्या गर्द झाडीत राहणारा सह्याद्रीतला पक्षी. अंग काळपट निळं, कपाळावर आणि खांद्यावर चकाकता निळा रंग. महाबळेश्वर, ठोसेघर, कोयनेचं खोरं अशा ओल्या भागात तो राहतो. पावसाचे दिवस आले की नर उजाडायच्या आधीपासून गायला लागतो, आणि नवख्या माणसाला हमखास वाटतं की कोणी पोरगा शीळ घालत रानातून चाललाय. इंग्रजांनी त्याला शिट्टी वाजवणाऱ्या शाळकरी पोराचंच नाव दिलं होतं. ही शीळ सरळ जात नाही. एक सूर धरते, त्यावरून घसरते, वर चढते, मध्येच हात सोडून दिल्यासारखी थांबते आणि पुन्हा नव्याने सुरू होते. सूर माणसाच्या शिळेच्या पट्टीत असल्यामुळे आपल्याला तिची वळणं बरीचशी ऐकू तरी येतात. पुष्कळ पाखरांच्या बाबतीत तेवढंही नशीब नसतं, कारण त्यांचा कंप आपल्या कानाच्या आवाक्यापलीकडे जलद असतो.

तो इतका जलद का, याचं उत्तर पाखराच्या शरीरात आहे. माणसाचा आवाज श्वासनलिकेच्या वरच्या टोकाला, स्वरयंत्रात तयार होतो. पाखराचा आवाज खाली छातीत तयार होतो, जिथे श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात तिथे. या अवयवाला सिरिंक्स म्हणतात. गाणाऱ्या पाखरांत दोन्ही फाट्यांवर स्वतंत्र पडदे आणि ते ताणणारे स्वतंत्र स्नायू असतात, त्यामुळे त्यांना एकाच वेळी दोन निरनिराळे आवाज काढता येतात, किंवा निम्मी तान डावीकडून आणि निम्मी उजवीकडून घेता येते. हे स्नायू पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांतल्या सर्वांत चपळ स्नायूंपैकी आहेत. कॅनरी पक्षी जलद तान घेताना एका सेकंदात तीसच्या आसपास तुकडे पाडू शकतो आणि दोन तुकड्यांच्या मध्ये इवलासा श्वासही घेतो. तयार गवयाच्या आवाजातला स्वाभाविक कंप सेकंदाला पाच ते सात वेळांचा असतो. या दोन आकड्यांमधलं अंतर पाहिलं म्हणजे पाखराच्या गळ्यातली फिरत आपल्याला केवळ 'किलबिल' का वाटते ते कळतं.

ही फिरत हौशीची नाही याचा पुरावाही हाती आहे. जेफ्री पॉडॉस या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने 1997 मध्ये तिकडच्या चिमण्यांसारख्या पाखरांच्या पुष्कळ जातींची गाणी मोजून दाखवलं की कंप जितका जलद होतो तितका सुरांचा पल्ला आखूड होत जातो. जलद हलणं आणि लांब हलणं हे दोन्ही एकदम साधणं शरीराला जड जातं. पुढच्या प्रयोगांत असं दिसलं की दलदलीत राहणाऱ्या एका जातीच्या माद्या या दोन्ही गोष्टींच्या हद्दीपर्यंत पोचणाऱ्या नराच्या गाण्याला जास्त प्रतिसाद देतात. म्हणजे मादीच्या दृष्टीने कंप हीच परीक्षा आहे. निरोप एक आणि नक्षी दुसरी अशी फोड तिथे होत नाही; नक्षी कशी उतरली हाच निरोप असतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा की पाखरं गात नाहीत, हद्द राखतात आणि जोडीदार मिळवतात. गाणं हा आपण त्यांच्यावर लादलेला अर्थ आहे. हेतूबद्दलचं हे म्हणणं बरोबर आहे. पण हेतू व्यवहाराचा असला म्हणजे रूप कलेचं असू शकत नाही, हे कोणी ठरवलं? भूपाळी देवाला उठवण्यासाठी आहे, ओवी दळण हलकं व्हावं म्हणून आहे, पोवाडा माणसांना उभं करण्यासाठी आहे. आपलंही निम्मं गाणं कामाचंच आहे आणि त्यामुळे ते गाणं असायचं थांबत नाही. शिवाय गाणाऱ्या पाखरांचा एक गुण असा आहे की त्यापुढे हा आक्षेप बराच लंगडा पडतो. ती गाणं शिकतात. विल्यम थॉर्प यांनी 1950 च्या दशकात केंब्रिजला चॅफिंच पक्ष्याची पिल्लं मोठ्यांच्या आवाजापासून दूर वाढवली, तेव्हा त्यांचं गाणं कच्चं आणि बेढब निघालं. मोठ्यांचं गाणं कानावर पडलेली पिल्लंही सुरुवातीला नुसतं पुटपुटतात, सूर कुठेही भरकटतात, आणि काही महिन्यांनी ती भरकट एका ठरलेल्या वळणात बसते. दयाळ, कस्तूर, चांदोलीच्या जंगलातला नकला करणारा भृंगराज, माण-खटाव-जतच्या माळावर हवेत चढून गाणारे चंडोल हे सगळे याच गाणाऱ्या गटातले. दख्खनच्या माळावरच्या चंडोलाच्या एका जातीला तर कर्नल साईक्स यांचं नाव आहे. त्यांनी 1832 मध्ये इथल्याच नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं.

गंमत अशी की आपल्या परंपरेने गाण्याचा मान दिला तो कोकिळाला. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यात सात स्वर सात प्राण्यांच्या आवाजांशी जोडले आहेत. षड्ज मोराचा, मध्यम क्रौंचाचा आणि पंचम कोकिळाचा. पण कोकीळ गाणं शिकत नाही. तो कावळ्याच्या घरट्यात वाढतो आणि तरीही कावकाव उचलत नाही, कारण त्याची कुहू जन्मजात असते. (कवितेत गाणारी कोकिळा असते, झाडावर गाणारा नर असतो, मादीचा आवाज कर्कश किक्-किक् असा.) पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्याला 'पेर्ते व्हा' असं सांगणारा पावशा याच कुळातला, आणि त्याचंही गाणं असंच ठरीव. तरी दोघांचा सूर एका जागी उभा राहत नाही. कोकिळाची कुहू दर खेपेला थोडी वर चढते, पावशाची हाक तर चढत चढत तुटेपर्यंत जाते. शिकलेलं गाणं असो वा उपजत, कानाला धरून ठेवतं ते सुराचं सरकणं.

आता मिरजेला यावं. तिथे वाद्यं बनवणारी घराणी मूळची शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांची. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सतारमेकरांपासून हा व्यवसाय तंबोरा आणि सतारीकडे वळला आणि आजही पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे येतात भीमाकाठच्या पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, दांडी आणि तबली लाकडाची, त्यावर नक्षीकाम, खुंट्या, तारा. हे सगळं झालं तरी तंबोरा अजून मुका असतो. त्याला आवाज देणारं काम शेवटचं आणि सर्वांत अवघड, ते म्हणजे जवारी लावणं.

तबलीवर बसवलेली घोडी लांबून सपाट दिसते. प्रत्यक्षात तिच्या माथ्याला अगदी अस्पष्ट उतार असतो. त्यामुळे तार घोडीला एका टोकावर टेकत नाही, थोड्या लांबीवर जवळजवळ लागून जाते. कारागीर कानस घेऊन तो माथा घासतो, तार चढवतो, छेडतो, ऐकतो, तार उतरवतो आणि पुन्हा घासतो. केसाइतकं जास्त घासलं गेलं तर आवाज बसतो, कमी घासलं तर तार बंद आणि कोरडी बोलते. याला माप नाही, मोजपट्टी नाही. कान हेच माप. घासणं जमलं की तारेखाली घोडीवर सुताचा एक धागा सरकवतात. धागा थोडा मागे, थोडा पुढे करत नेमक्या जागी आला की आवाज एकदम उमलतो आणि तार छेडल्यावर बराच वेळ गुंजत राहते. जवारी उघडली असं म्हणतात ते याला. चांगल्या गळ्याला आपण जवारीदार आवाज म्हणतो, ते विशेषण याच घोडीवरून आलेलं.

धागा नेमकं काय करतो, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय तंतुवाद्यांवरच्या लेखात सांगितलं. तारेच्या आवाजात मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाचे उपस्वर असतात. ज्या जागी एखादा उपस्वर स्थिर असतो नेमकी तिथेच तार छेडली तर तो उपस्वर उमटू नये, असा युरोपात मान्य झालेला नियम होता. तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत, हे रामन यांच्या लक्षात आलं. कारण तार दर हेलकाव्याला घोडीच्या त्या उतरत्या माथ्याला चाटून जाते आणि तिची टेकण्याची जागा सतत सरकत राहते. त्यातून नवे उपस्वर जन्मतात आणि एकामागून एक झळकतात. म्हणून खर्जाची तार छेडली की काही क्षणांत त्यातून गंधार ऐकू येतो, जो कोणी छेडलेलाच नसतो. इथे माझ्या म्हणण्याचे दोन्ही भाग एका वाद्यात भेटतात. तंबोऱ्याचा सूर हलत नाही. षड्ज तिथेच असतो, मैफल संपेपर्यंत. हलतो तो सुराचा रंग. गवयाला आधार देणारी वस्तूही आतून थरथरती करूनच ठेवावी लागली, कारण स्थिर आणि निर्जीव आधारावर कोणाचाच गळा रमत नाही.

एक खणखणीत आक्षेप याच मिरजेतून येतो. उस्ताद अब्दुल करीम खाँ 1872 साली उत्तरेत कैरान्यात जन्मले, पुढे मिरजेला स्थिरावले; 1937 मध्ये दक्षिणेत रेल्वेच्या प्रवासात त्यांचं निधन झालं आणि दफन मिरजेला झालं. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ आजही गाणं होतं. त्यांच्या किराणा घराण्याची ख्याती ज्या गोष्टीसाठी आहे ती म्हणजे लावलेला, बारीक, तेलाच्या धारेसारखा अखंड सूर. कंप हाच सुराचा जीव असेल तर किराण्याचं गाणं निर्जीव वाटायला हवं होतं. ते तसं वाटत नाही, उलट एका षड्जावर ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात. मग माझं म्हणणं कुठे राहिलं?

त्यांच्या 1930 च्या दशकातल्या ध्वनिमुद्रिका कान देऊन ऐकल्या तर उत्तर मिळतं. खाँसाहेबांचा सूर स्थिर आहे, पण तो कधीच सरळ येऊन बसत नाही. शेजारच्या सुराचा कण घेऊन येतो, मींडेवरून उतरतो, आणि स्थिरावला तरी त्याचा जोर ओसरत-भरत राहतो. कर्नाटक संगीताचा त्यांनी जवळून परिचय करून घेतला होता, त्या पद्धतीची सरगम ते गात, आणि त्या संगीतात तर गमकावाचून स्वर पुराच होत नाही. शिवाय हा सगळा सूर दोन जवारीदार तंबोऱ्यांच्या मधोमध लागतो. कंप तिथे गेलेला नाही; तो गळ्यातून काढून तंबोऱ्याकडे सोपवला आहे आणि गळ्याने त्या गुंजनात विरघळून जायचं काम घेतलं आहे. किराण्याने कंपाची वाटणी वेगळी केली, एवढाच त्याचा अर्थ.

याच खाँसाहेबांच्या गळ्यावर एक मोठा प्रयोगही झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी त्यांच्या सुरांची तारेच्या लांबीवर मोजदाद केली आणि 1910 मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं. सनदी अधिकारी एर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी हे काम पुढे नेलं, 1913 मध्ये स्वतःचं पुस्तक लिहिलं, आणि श्रुती नेमक्या वाजवणारी खास हार्मोनियम बनवून घेतली. 1916 मध्ये बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिचा बराच ऊहापोह झाला आणि पंडित भातखंड्यांच्या बाजूने कडवा विरोधही झाला. देवलांची तळमळ खरी होती. आपल्या संगीताला पक्का शास्त्रीय पाया आहे हे त्यांना आकड्यांत दाखवायचं होतं, आणि त्या काळात तसं वाटणं साहजिकच होतं. तरीही ती पेटी चालली नाही. पुढे 1963 मध्ये नझीर जैराजभॉय आणि स्टोन यांनी उत्तर हिंदुस्थानी गवई-वादकांचे सूर यंत्राने मोजले, तेव्हा एकाच कलावंताचा एकाच रागातला तोच स्वर निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या उंचीवर लागतो असं आढळलं. तो बेसूर असतो म्हणून नव्हे. कोमल ऋषभ भैरवात ज्या झुल्यावर असतो तो झुला म्हणजेच तो ऋषभ. त्यातला एक क्षण पकडून खिळ्याला टांगला तर हाती येतं ते स्वराचं छायाचित्र. साध्या हार्मोनियमलाही मींड काढता येत नाही ही तक्रार इतकी जोरात होती की 1940 पासून तीनेक दशकं आकाशवाणीने तिला बंदी घातली. ती बंदी मला अतिरेकी वाटते, पण तिच्यामागचं दुखणं खरं होतं.

सुराचं हे हलणं आपल्याकडे आधीपासून ओळखलेलं आहे. शार्ङ्गदेवाने पंधरा गमकं सांगितली. कंपित, आंदोलित, स्फुरित अशी त्यांची नावंच पुरेशी बोलकी आहेत. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत राहिले, तिथेच विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याकडे शिकले. बुवांचेच शिष्य अंतुबुवा जोशी साताऱ्याकडच्या औंध संस्थानात गायक होते आणि 1940 साली त्यांनी औंधात सुरू केलेला संगीतोत्सव अजून भरतो. या सगळ्यांच्या गायकीत गमक, खटका, मुरकी ही गायकीची अंगंच मानली गेली.

या वळणाचा कळस लोकांनी ऐकला तो बालगंधर्वांच्या गळ्यात. नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म 1888 चा. पलूसजवळचं कृष्णाकाठचं नागठाणे हे त्यांचं गाव. त्यांच्यावरही टीका झाली की पदात हरकती इतक्या होत, 'वन्स मोअर' इतके घेतले जात, की नाटक जागच्या जागी थांबे आणि भूमिकेतली रुक्मिणी बाजूला राहून बालगंधर्वच समोर उरत. नाटकाच्या बाजूने पाहिलं तर या टीकेत तथ्य आहे आणि ते मान्य केलंच पाहिजे. पण गाण्याच्या बाजूने पाहा. ज्यांनी नुसत्या हरकती उचलल्या त्या असंख्य नकलाकारांचं गाणं आज कोणाच्या लक्षात नाही, आणि मूळ मुद्रिका अजून ऐकल्या जातात. फरक पायाचा आहे. बालगंधर्वांची लय कमालीची पक्की होती. त्यांच्या मंडळीत काही काळ तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष होते. थिरकवाँचा ठेका जमिनीसारखा खाली असताना वर गळा कितीही लवला, तरी तो समेवर आणि शब्दावर नेमका उतरे. हरकत शब्दाच्या पोटातून निघून शब्दावरच परत येई. नकलाकारांकडे जाणं होतं, परतणं नव्हतं.

कवितेत या दोन गोष्टी जात्यावर सर्वांत स्वच्छ दिसतात. ओवी म्हणणारी बाई तीन चरण चढत्या आवाजात नेते आणि आखूड चौथ्यावर आवाज लांबवून, किंचित हलवून सोडते. खाली जात्याची घरघर एका सुरात चाललेली असते, आणि हात फिरतो त्या गतीनेच लय ठरते. जातं हाच तिचा तंबोरा आणि तोच तिचा ठेका. हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा करवल्या, हे काम अनमोल आहे. पण गिरण्या आल्या आणि जातं थांबलं, तेव्हा खालची घरघर गेली. आज त्याच ओव्या बसून म्हणायला सांगितल्या की शब्द येतात, चाल येते, आणि तरी हेलकावा आखडतो, याचं कारण मला या हरवलेल्या आधारात दिसतं. लावणीतही हेच. वाळव्यातल्या रेठरे हरणाक्षच्या श्रीधर कृष्णाजी कुलकर्णींनी, म्हणजे पठ्ठे बापूरावांनी, लावणी रचली ती ढोलकीच्या तोडावर आणि झीलकऱ्यांच्या साथीवर तोलून. झील धरणारे मागे एकच सूर लांबवतात, म्हणूनच पुढची गाणारी आवाज वाटेल तसा मुरडू शकते.

छापील कवितेपाशी खरी अडचण येते. 1923 मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झालं. त्यातले यशवंत चाफळचे, गिरीश साताऱ्याचे आणि पुढे सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात शिकवणारे. या कवींनी कविता जाहीरपणे गाऊन म्हणण्याची प्रथा पाडली आणि ती गावोगाव लोकप्रिय झाली. लगेच आक्षेप आला की गळ्याच्या गोडव्याखाली कवितेचं कच्चेपण झाकलं जातं. आचार्य अत्रे यांनी 'झेंडूची फुले'मध्ये या कवींची विडंबनं केली, तीही गाजली. आक्षेप निम्मा खरा आहे. गाऊन दाखवलेली सामान्य कविता ऐकताना बरी वाटते आणि वाचताना फिकी पडते. पण ती फिकी पडते ती गायल्यामुळे नव्हे. तिच्यात स्वतःचं काही ठाम नसतं म्हणून. वृत्त, यती, मात्रांचा हिशेब ही कवितेतली अंगची घरघर आहे. ती पक्की असली तर म्हणणारा आवाज हलवो वा न हलवो, मनातल्या मनात वाचतानाही स्वर लांबतात, जोडाक्षरावर अडतात, पुन्हा मोकळे होतात. आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याच्या माडगूळकरांनी 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीसाठी 'गीतरामायण'ची छप्पन्न गीतं लिहिली. ती कागदावरही डुलतात, कारण त्या ओळींनी गाणाऱ्याला वळायला जागा आणि टेकायला जागा दोन्ही आधीच ठेवल्या आहेत. मुक्तछंदाचं काय, असं कोणी विचारील. मुक्तछंदाने वृत्ताचा आधार सोडला हे खरं, पण चांगली मुक्तछंद कविता एखादा शब्द, एखादी वाक्यरचना पुन्हा पुन्हा आणून दुसरा आधार उभारते. जिथे तोही नसतो तिथे ओळी तोडलेलं गद्य हाती येतं.

शेवटचा आक्षेप शास्त्राचा आहे आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवं. माणसाच्या गाण्याखाली षड्ज असतो. पाखराच्या खाली कुठला? 2012 मध्ये मध्य अमेरिकेतल्या एका रेन पक्ष्याच्या गाण्याचा अभ्यास झाला, तेव्हा त्यात माणसाच्या स्वरसप्तकाचा माग लागला नाही. 2014 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या हर्मिट थ्रश या, कस्तूरासारखी शीळ घालणाऱ्या पाखराच्या गाण्याचा अभ्यास झाला, तेव्हा त्याचे सूर एकाच मूळ सुराच्या पटींवर, म्हणजे तंबोऱ्यातल्या उपस्वरांसारखेच पडतात असं दिसलं. दोन पाखरं, दोन उत्तरं. त्यामुळे पाखरं आपले राग गातात असं म्हणणं मी सोडून देतो, आणि षड्जाचा आधार सगळ्या सजीवांना लागतो असंही म्हणत नाही. पण आधार षड्जाचाच असला पाहिजे असंही नाही. पिल्लाची पुटपुट ज्या ठरलेल्या वळणात बसते तोच पाखराचा पाया. शेजारच्या नराला आणि मादीला ते वळण ओळखता येतं म्हणून त्याच्यावरचा कंप जोखता येतो. वळणच ओळखू आलं नाही तर कंप कितीही जलद असला तरी तो त्यांच्या दृष्टीने वाऱ्याचा आवाज.

हा सगळा प्रश्न आज रियाजाच्या खोलीत येऊन उभा आहे. मुलं गाणं शिकतात ती बहुतेक ठिकाणी मोबाईलमधल्या किंवा पेटीएवढ्या विजेवरच्या तंबोऱ्यावर. तो कधी उतरत नाही, प्रवासात फुटत नाही, स्वस्त पडतो, आणि खेड्यातल्या ज्या मुलीला मिरजेचा तंबोरा परवडणं शक्य नाही तिच्या हाती त्याने षड्ज दिला. त्याला नावं ठेवणं मला पटत नाही. पण त्यात तेच आवर्तन जसंच्या तसं फिरत राहतं. लाकडी तंबोऱ्याच्या तारा घोडीवर हळूहळू खाचा पाडतात, जवारी झिजते, काही काळाने आवाज मिटतो आणि घोडी पुन्हा कारागिरापुढे न्यावी लागते. रोज बसायच्या आधी चार तारा जुळवाव्या लागतात, धागा सरकवून गंधार उमटतो का ते ऐकावं लागतं, आणि हवा दमट झाली की सगळं पहिल्यापासून. विद्यार्थ्याच्या कानाची अर्धी तालीम या कटकटीतच होते. म्हणून संगीत वर्गांनी, महाविद्यालयांच्या संगीत विभागांनी, औंध-मिरजेच्या उत्सवांना हातभार लावणाऱ्या मंडळांनी निदान एक जुळवलेला लाकडी तंबोरा मुलांच्या हाताशी ठेवावा आणि त्याची जवारी वेळेवर करून घ्यावी. मिरजेत ते काम करणारे हात अजून आहेत.